चौदा तास सांभाळलेलं जावळ

धाकट्याचं जावळ मी अडीच वर्षं राखलं. आमच्यात पहिले केस मामाच्या मांडीवर बसवूनच काढतात, आणि माझा एकुलता एक भाऊ अमरावतीत, आम्ही टोरांटोत. मधे चौदा तासांचं विमान, मग दिल्ली, मग नागपूर. नवऱ्याला रजा मिळेना. तू हो पुढे, भाऊ वाट पाहतोय, असं म्हणून तिकिटं त्यानंच काढली. त्या एका वाक्यावर मी भुलले.

साडेतीन वर्षांची पोरगी आणि अडीच वर्षांचा पोरगा घेऊन एकटीनं विमानात बसणं म्हणजे दोन मांजरं एका पिशवीत घालून बाजाराला जाणं. पोरीला दर वीस मिनिटांनी शू लागे. तिला नेलं की तो भोकाड पसरे, म्हणून तिघंही त्या खोक्याएवढ्या संडासात उभे. नंतर त्यानं जेवणातला जॅम केसांत चोळला आणि वरून दूध ओकलं. शेजारच्या बाईंनी मायेनं सल्ला दिला, दिल्लीत उतरलीस की चिकटलेल्या बटा कापून टाक. मी ओल्या रुमालानं एकेक बट सोडवत बसले. भावाच्या मांडीवर जाणारं डोकं होतं ते, त्यातला एक केस कमी होऊ द्यायचा नव्हता.

नागपूरला दीर गाडी घेऊन आला होता. अमरावतीच्या अलीकडचं नांदगाव पेठ आलं तसं मी म्हटलं, पाच मिनिटं आईकडे थांबू. लेकरं थकलीत, आधी अकोल्याला आपल्या घरी, म्हणत त्यानं बायपास धरला. जावळ रविवारी अमरावतीलाच व्हायचं होतं, चार दिवसांनी. तेव्हा मी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचपर्यंत मी मेल्यासारखी झोपले. उठून बाहेर आले तर पोरगा कूलरसमोर बसून टरबूज खात होता. डोकं तुळतुळीत, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. सासूबाई सुपारी कातरत होत्या.

"देवीचा नवस होता," त्या म्हणाल्या. "काकाच्या मांडीवर काढलं. तू झोपून होती, म्हणून उठवलं नाई."

नवऱ्याला फोन लावला. तिकडे पहाट होती, तरी त्यानं पहिल्याच रिंगला उचलला. म्हणजे वाटच पाहत असणार.

"मले माहीत होतं," तो म्हणाला. "आधी सांगतलं असतं तं तू आलीच नसती."

खरंच आले नसते, आणि त्यानंच अंगाची आग झाली. दोन वर्षं रोज सकाळी त्याच्यासमोर त्या केसांचा गुंता काढत होते मी.

मग भावाला लावला. तो बिचारा नवे कपडे, चांदीची वाटी घेऊन तयार बसला असेल, त्याला कुठल्या तोंडानं सांगू? मी नुसती रडत सुटले. तोच म्हणाला, "जाऊ दे न बाई. केसायचं काय घेऊन बसली?"

मी केसांचं नावही काढलं नव्हतं.

तुला कसं कळलं, विचारलं. जावळ अकोल्यातच निघणार, हे सांगायला नवऱ्याचा फोन त्याला महिन्याभरापूर्वीच आला होता.

"माय म्हणे, बाईले सांगू नको," तो म्हणाला. "एकदा लेकरं डोळ्यानं पाहू दे."

सासरचं मला फारसं नवल वाटलं नाही. इथे मात्र कुंपणानंच शेत खाल्लं होतं. रविवारी अमरावतीला गेले, आईच्या हातचं जेवले, तिनं नातवंडांना पोटाशी धरलेलं पाहिलं. तिच्याशी भांडायला तोंड उघडलं, पण ती आणि लेकरं हसत होती आणि मी ते पुन्हा मिटलं. अजून तिला काही विचारलेलं नाही.

परतीच्या विमानात शेजारचे एक आजोबा कौतुकानं म्हणाले, एकटीनं दोघांना आणलंस, घरचे किती वाट पाहत असतील. मी हो म्हटलं. पोरगा माझ्या दंडावर झोपला होता आणि त्याचे नवे खुंट टोचत होते.

टोरांटोला नवरा फुलं घेऊन उभा होता. मी पोराला त्याच्या हातात दिलं, पोरीचा हात त्याच्या हातात दिला.

"घे," म्हटलं. "पोचवले तुहे लेकरं."