वखारवाल्याचा झोपाळा

लढाईच्या दिवसांत मी शहापूरच्या दवाखान्यात नर्स होते. शेजारी लाकडाची वखार होती. तिचा मालक सगळं दोनदा बोलायचा आणि बोलण्याआधीच हसायचा. सकाळी कुंपणावरून ओरडायचा, "बाई, पोरां कशी हायत, कशी हायत?"

पोरं बरी नसायची. आजारी मुलाजवळ आईने थांबायचं नाही, असा डॉक्टरांचा नियम होता. आया बाहेर चिंचेखाली बसायच्या. मुलाचं रडणं ऐकवेनासं झालं की उपचार अर्धवट टाकून त्याला घरी न्यायच्या.

किन्हवलीची एक आई तापाने फणफणलेल्या मुलीला घेऊन अशीच निघाली, तेव्हा वखारवाला कुंपण ओलांडून आला.

"थांब गो, थांब गो! इथं काय पायजे ता सांग."

ती चिडून म्हणाली, "चूल पायजे, निजाया जागा पायजे, नि पोरीला झोपाला!"

लग्नाचं आमंत्रण मिळाल्यासारखा तो खूश झाला. संध्याकाळपर्यंत दवाखान्याच्या मागच्या पडवीला फळ्या ठोकून त्याने खोली केली, चूल मांडली आणि आढ्याला सागवानी झोपाळा टांगला. चुलीवर पेजही शिजली.

डॉक्टर तावातावाने आले. "हा काय तमाशा?"

"बसून बघा, बसून बघा," म्हणत त्याने त्यांना बसवलंच, आणि असा झोका दिला की त्यांची टोपी उडून थेट पेजेच्या पातेल्यात पडली.

डॉक्टर लालबुंद झाले. तेवढ्यात आईच्या मांडीवरची ती मुलगी खुदकन हसली. आल्यापासून पहिल्यांदाच.

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पातेल्यातून टोपी काढून पिळली.

"हिला नवी पेज कर," ते आईला म्हणाले, "आणि इथेच बसून भरव."