निकालाखालची ओळ

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयाच्या तळमजल्यावर मीटर दुरुस्तीची खोली आहे. तिथे एकतीस वर्षं एकच माणूस बसतो. मी वरच्या मजल्यावर, आवक-जावक विभागात. आम्ही दोघेही पुढच्या वर्षी, तीन महिन्यांच्या अंतराने, निवृत्त होणार. दुपारचा चहा मी खाली जाऊन त्यांच्याबरोबर घेतो. वर माझ्या हाताखालची माणसं असतात, आणि दिवसातून वीस मिनिटं तरी त्यांना माझी मोकळेपणी निंदा करता यावी, असं माझं मत आहे.

इंटरनेटवर त्यांना मीटरवाला म्हणतात. बुद्धिबळ खेळणारे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचं तिथे एक मंडळ आहे, साठ-सत्तर माणसांचं. ही माणसं स्वतः फारशी खेळत नाहीत. आपापला प्रोग्रॅम, त्याला ते इंजिन म्हणतात, एकमेकांविरुद्ध खेळवतात, आणि तो हरला की घरातला मुलगा नापास झाल्यासारखं तोंड करून बसतात. मीटरवाल्यांच्या बायकोने मला एकदा सांगितलं होतं, "भावजी, आमच्या घरात तिघं राहतात. मी, हे आणि ते इंजिन. त्यातलं माझं ऐकणारं कोणीच नाही."

मीटरवाल्यांचं इंजिन यादीत कायम तळाशी. कारण साधं होतं. ते कोणत्याही खेळीवर दहा सेकंदांपेक्षा जास्त विचार करत नसे. डाव तासाभराचा असला तरी दहा सेकंदांत खेळी, मग ती चांगली असो की वाईट. मंडळातले लोक चेष्टा करत.

"अहो मीटरवाले, विचार करू द्या की त्याला. वेळ काय साठवून ठेवताय?"

"नको. दहा पुरेत," एवढंच उत्तर ते टाकत.

त्यामागचं कारण कार्यालयात मला एकट्यालाच माहीत होतं. त्यांची मोठी बहीण शिक्षिका होती, निवृत्तीनंतर दुसऱ्या गावी एकटी राहायची. बहीणभाऊ फोनवर बुद्धिबळ खेळायचे. दोघांच्या घरी पट मांडलेला, आणि नियम एकच: ज्याची खेळी, त्याने फोन करायचा. मध्ये फोन करून घाई करायची नाही. अकरा वर्षांपूर्वी यांनी एका रविवारी घोडा पुढे टाकला. चांगली खेळी होती. ताई म्हणाली, "थांब हं, आता मला विचार करू दे." सोमवारी फोन आला नाही. मंगळवारी आला नाही. हे खुशीत होते. मला चहाच्या वेळी म्हणाले, "ताईला चांगलंच अडकवलंय, दोन दिवस विचार करतेय." बुधवारी शेजाऱ्यांचा फोन आला. ताई न्हाणीघरात पडून गेली होती.

त्यानंतर दोन वर्षांनी त्यांनी प्रोग्रॅम लिहायला घेतला. पुस्तकं आणून, रात्रंदिवस नव्हे, रोज ठरवून एक तास. शिस्तीचा माणूस म्हणून मला ते आवडतात.

मंडळात पंच नावाचे एक गृहस्थ होते. खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांच्या घरचा कॉम्प्युटर चोवीस तास सगळ्यांच्या इंजिनांचे सामने लावायचा आणि रोज सकाळी आठला निकालाचा तक्ता आपोआप मंडळाच्या पानावर चढवायचा. तक्त्याखाली पंच स्वतःच्या हाताने एक ओळ लिहीत. "आज गुडघा गप्प आहे." "काळ्या मोहऱ्यांचा दिवस. चहात साखर विसरलो." मीटरवाले ती ओळ मला रोज वाचून दाखवत. तक्त्यातलं मला काही कळत नसे, ओळ मात्र कळे.

या वर्षी मार्चमधल्या एका बुधवारी ते जिना चढून वर आले. एकतीस वर्षांत ते चहाच्या वेळी कधीच वर आले नव्हते.

"सोमवारी पंचांनी लिहिलं होतं, आज खिडक्या पुसणार आहे. काल ओळ नाही. आज ओळ नाही."

"निकाल?"

"निकाल आलेत. आठच्या ठोक्याला, दोन्ही दिवस."

"मग ठीक असतील. विसरले असतील."

"मंडळातले पण हेच म्हणतायत." त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. कोणीतरी लिहिलं होतं, निकाल येतायत म्हणजे पंच ठणठणीत आहेत. दुसऱ्याने लिहिलं होतं, मीटरवाले, तुम्हीसुद्धा दहा सेकंदांत घाबरता का? खाली हसणारे चेहरे.

"साहेब, निकाल मशीन पाठवतं," ते म्हणाले. "माणूस मेला तरी पाठवेल."

मी विचारलं, "पत्ता?"

"नाही. फोन नंबर नाही, नाव नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बुद्धिबळाचं घड्याळ दुरुस्तीला पाठवलं होतं. खोकं मी टाकून दिलं."

"कुठे पाठवलं होतं? घरी की इथे?"

"इथे."

इथे येणारं प्रत्येक पाकीट माझ्या नोंदवहीत चढतं, पाठवणाऱ्याच्या पत्त्यासकट. यावरून माझी पुष्कळ थट्टा झालेली आहे. पंचवीस मिनिटांत पत्ता सापडला. त्या गावच्या पोलीस ठाण्याचा नंबर मी शोधून दिला. बोलले ते.

"तुमचे कोण लागतात?" पलीकडच्या हवालदाराने विचारलं.

"आम्ही... बुद्धिबळाचे प्रोग्रॅम लिहितो."

"बरोबर काम करता?"

"नाही. भेटलो नाही कधी."

"अहो, मग तुम्ही त्यांचे कोण?"

मीटरवाल्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "धाकटा भाऊ," ते म्हणाले.

पाऊण तासाने हवालदाराचाच फोन आला. आवाजात वैताग होता. "दारापाशी उभा आहे मी. बेल वाजवली, उघडत नाहीत. पण आहेत घरात. आत टक् टक् आवाज येतोय. शेजारच्या बाई म्हणतात, बुद्धिबळ खेळतात ते दिवसभर, कालही आवाज चालूच होता. त्यांना नसेल उघडायचं. जातो मी."

"तो आवाज त्यांचा नाही," मीटरवाले इतक्या मोठ्याने म्हणाले की सगळा विभाग मान वर करून बघू लागला. "मशीन खेळतंय. प्रत्येक खेळीला ते टक् वाजतं. समोर कोणी नसलं तरी वाजतं. दार तोडा."

"उद्या तक्रार आली तर?"

"माझं नाव लिहून घ्या. तोडा."

फोन चालूच राहिला. आम्ही दोघांनी ऐकलं. दोन धक्के, मग लाकूड फुटल्याचा आवाज, मग बूट. आणि मग अगदी स्पष्ट, जवळून, ती टक्. थोड्या वेळाने आणखी एक. हवालदार कोणाला तरी हाक मारत होता. मग तो फोनवर म्हणाला, "स्वयंपाकघरात आहेत. स्टुलावरून पडलेत. श्वास चालू आहे."

मीटरवाले माझ्या खुर्चीत बसले. माझ्या खुर्चीत माझ्याशिवाय कोणी बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आठवड्याने पंचांचा दवाखान्यातून फोन आला. चहाची वेळ होती, म्हणून मीही खाली होतो. आवाज म्हातारा, खरखरीत, पण थट्टेखोर. "मीटरवाले, माझं दार तुम्ही तोडलंत म्हणे. खुबा मोडलाय, पण दाराला जास्त दिवस लागणार आहेत."

"शुद्ध होती तुम्हाला?" मीटरवाल्यांनी विचारलं.

"होती की. सोमवारभर हाका मारल्या. मग घसा गेला. मंगळवारी नुसता ऐकत पडलो होतो. शेजारच्या खोलीत डाव चालू होते. आवाज मोजून ओळखायचो, आता शेवट जवळ आला असेल."

"मंगळवारीसुद्धा शुद्ध होती?"

"पूर्ण. बुधवारी सकाळीसुद्धा. का हो?"

"काही नाही. विश्रांती घ्या," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्या दिवशी मंडळाच्या पानावर त्यांच्या कौतुकाची रांग लागली होती. त्यांनी ती उघडूनही पाहिली नाही. पुढ्यातलं मीटर चिमट्याने उघडलं, चक्र काढलं, पुसलं, परत बसवलं. मग तेच चक्र पुन्हा काढलं.

"साहेब, एक विचारू?"

"विचारा ना."

"ताई पडल्या पडल्या गेली, काही कळलंही नसेल तिला, असं तुम्ही मला अकरा वर्षं सांगत आलात. ते तुम्हाला कोणी सांगितलं होतं? डॉक्टरांनी?"

मी कप खाली ठेवला. खोटं बोलायची ती वेळ नव्हती, आणि माझ्याकडे ते शिल्लकही नव्हतं.

"कोणी नाही," मी म्हणालो. "माझं मीच म्हणत होतो."

त्यांनी मान हलवली. "तसं वाटलंच मला," ते म्हणाले, आणि भिंग डोळ्याला लावून पुन्हा मीटरवर वाकले.