खोटा रविवार

"मी सही करणार नाही," मेरेआना म्हणाली.

गुरुवारची दुपार. ट्रुगानिनातलं आमचं वेअरहाऊस. समोर मी डिझाइन केलेली बॅटरी, चांगली कंटेनरएवढी, पॅसिफिकमधल्या एका चिमुकल्या देशासाठी. मेरेआना तिथल्या पॉवरहाऊसची चीफ. त्यांची सगळी वीज डिझेलवर. डिझेलची बोट लांबली की अख्ख्या देशाचे दिवे बंद. आता दिवसा सोलरने बॅटरी भरायची आणि संध्याकाळी ती वापरायची. तिची सही झाली की बॅटरी जहाजावर चढणार, आणि जहाज दुसऱ्याच दिवशी निघणार होतं. ते चुकलं की पुढचं दोन महिन्यांनी.

तीन दिवस टेस्टिंग चाललेलं. सगळं पास. मी स्वतःवरच खूश. आणि आता बाई म्हणतात, रविवार दाखव.

माझ्या लोड ग्राफमध्ये, म्हणजे कुठल्या तासाला किती वीज लागते त्या आलेखात, सगळे दिवस सारखेच होते. तिने शांतपणे समजावलं. रविवारी मासळीची फॅक्टरी बंद, दुकानं बंद, सगळा देश चर्चमध्ये.

"तू काय करतेस रविवारी?"

"मिस्साला जाते," मी म्हटलं. मी वसईची ख्रिस्ती. जन्मात रविवार चुकवला नाही आणि ग्राफमध्ये नेमका तोच विसरले. इतकी लाज वाटली म्हणून सांगू!

माझा बॉस ग्रॅहम मध्ये पडला. ही टेस्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये नाही म्हणाला.

"रविवार कॉन्ट्रॅक्टमध्ये नसेल," मेरेआना म्हणाली, "पण आमच्याकडे दर आठवड्याला येतो."

ग्रॅहम कॉफी आणायला गेला.

वीज जितकी बनते तितकी त्याच क्षणी खपावी लागते किंवा साठवावी लागते. आम्ही खोटा रविवार लावला: बॅटरी भरलेली, ऊन कडक, खप जेमतेम. चार मिनिटांत सगळं ट्रिप. वीज जास्त झाली म्हणून वीज गेली! अशा वेळी सोलरला आवर घालायची सेटिंग होती की, पण मीच ती बंद ठेवलेली. म्हटलं, डिझेलची वाट बघणाऱ्या देशात वीज उरणार कुठून? नसता शहाणपणा.

सेटिंग चालू केली. पुन्हा टेस्ट, लागोपाठ तीन रविवार. तिसराही निभावला तेव्हा मेरेआनाने सही केली आणि माझ्या जिवात जीव आला. जहाज वेळेवर निघालं.

आता मी क्लायंटला आधी विचारते, सुट्टी कधी घेता. कामाचे दिवस कुणीही सांगतं.

बॅटरी चालू झाल्यावरच्या पहिल्या रविवारी तिचा मेसेज आला: "पंखे चालू, माईक चालू. पाद्री दोन तास बोलले. तुझी ती आधीचीच सेटिंग बरी होती."