आतून घातलेली नारिंगी बंडी

हा किस्सा मीच सांगून टाकतो. मंजिरीने, म्हणजे माझ्या बायकोने सांगितला तर त्यात आणखी चार मूर्खपणे निघतात, आणि दुर्दैवाने तेही खरे असतात. चहा घ्या. मूर्खपणा मोठा आहे, कप रिकामा व्हायच्या आत संपायचा नाही.

तेव्हा आम्ही कावासाकीला होतो. पुण्याच्या कंपनीने मला तीन वर्षांसाठी एका जपानी क्लायंटकडे पाठवलं होतं. तिथले माझे साहेब एंदो-सान. साठीला टेकलेले, मार्चमध्ये रिटायर होणार, बोलणं मोजून मापून. दिवसभरात चार वाक्यं बोलले तर आम्ही म्हणायचो, आज स्वारी फॉर्मात आहे. पण ऑफिसच्या पार्टीत दोन ग्लास बिअर पोटात गेली की ते एकाच विषयावर बोलायचे. हरणाची शिकार. दर नोव्हेंबरला दोन दिवस रजा काढून हा माणूस होक्काइदोच्या सरकारी जंगलात जायचा, रीतसर परवाना घेऊन. एक हरीण मिळालं की मांस गावाकडे आईला द्यायचं. म्हातारी नव्वदीची, त्याचा रस्सा करायची आणि शेजारी वाटायची.

त्या वर्षी पार्टीत ते म्हणाले की जानेवारीत दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आहे, त्यानंतर डॉक्टरांनी डोंगर बंद केलाय. म्हणजे ही शेवटची शिकार. आईला सांगून ठेवलंय, या वर्षीचं हरीण आणतो म्हणून.

आता अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? मान हलवतो आणि भाजलेले शेंगदाणे खातो. मी म्हणालो, जंगल म्हणजे माझा जीव की प्राण! कॉलेजपासून सह्याद्री पालथा घातलाय, बिबट्या जवळून पाहिलाय. खरं सांगायचं तर भीमाशंकरच्या वाटेवर मी एक पाऊल पाहिलं होतं, चिखलात उमटलेलं, आणि ते कुत्र्याचं असावं असं बरोबरच्या सगळ्यांचं मत होतं. पण बिअर माझ्याही पोटात होती. एंदो-सानांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, गादोरे-सान, येता का बरोबर? मी गद्रे. बंदूक त्यांचीच, परवाना त्यांचाच. मी फक्त सोबत चालायचं आणि मांस खाली आणायला हात लावायचा.

घरी येऊन मंजिरीला सांगितलं. ती भांडी विसळत होती, ती विसळतच राहिली.

"तू झुरळ मारायला मला हाक मारतोस," ती म्हणाली.

मुद्दा बरोबर होता. पण मारायचं कुठे होतं? जायचं होतं. आणि जायचं म्हणजे तयारी. आणि तयारी हे तर आमचं राखीव कुरण!

दुसऱ्या दिवशी एंदो-सानांनी सामानाची यादी दिली. एक कागद, सात ओळी. रबरी बूट, रेनकोट, हातमोजे, पाणी, डबा, टॉर्च. सातवी ओळ होती, नारिंगी बंडी आणि नारिंगी टोपी, आणि पुढे कंसात त्यांनी लिहिलं होतं की माझ्याकडे जादा आहे, मी देईन.

पुणेरी माणसाच्या हातात दुसऱ्याने केलेली यादी पडली की त्याला पहिल्यांदा काय वाटतं? अपुरी आहे! मी त्याच रात्री एक्सेल उघडलं. सात ओळींच्या सेहेचाळीस झाल्या. रकाने चार: वस्तू, वजन, आवाज, वास. दोन आठवडे मी ट्रेनमध्ये अमेरिकन शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघत ऑफिसला गेलो. ते सगळे नखशिखांत पानापाचोळ्याच्या रंगात. जाकीट तसलं, विजार तसली, तोंडावर जाळीसुद्धा तसलीच. मी तसलंच सगळं मागवलं. कान झाकणारी लोकरी टोपी, तिच्याखाली माकडटोपी, त्याखाली थर्मलची टोपी. तीन थर! उणे तापमानात कान गेले तर काय करायचं?

आणि ती नारिंगी बंडी? मला हसूच आलं. हरणासमोर जायचं आणि झेंडूच्या हारासारखं दिसायचं? म्हटलं, म्हाताऱ्या लोकांची जुनी पद्धत असेल. विचारायला हवं होतं. पण क्लायंटच्या मीटिंगमध्ये अडीच वर्षं "हाय, हाय", म्हणजे जपानीत "हो, हो" म्हणत मान डोलावल्यावर प्रश्न विचारायचा अवयवच गळून पडतो.

वासाच्या रकान्यामुळे घरात चार दिवस फोडणी बंद झाली. हरणाला म्हणे मैलभरावरून वास येतो. हिंग, मोहरी, लसूण, सगळं बंद. कपडे बिनवासाच्या साबणात धुवून बाल्कनीत वाळत घातले. चार दिवस आम्ही उकडलेल्या भाज्या खाल्ल्या. मंजिरी काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मी सावध व्हायला पाहिजे, हे मला लग्नाला नऊ वर्षं होऊनही कळलेलं नाही.

फक्त एकाच गोष्टीवर ती अडून बसली. शिट्टीवर. त्सुनामीचा तो मोठा भूकंप होऊन तेव्हा अडीच वर्षं झाली होती, आणि त्यानंतर सगळ्यांसारखी आमच्याही दाराशी एक पिशवी तयार असायची. पाणी, टॉर्च, बिस्किटं, चंदेरी चादर आणि एक लाल शिट्टी. कुठे अडकलात तर ओरडून दमू नका, शिट्टी वाजवा, असं आम्हाला कवायतीत शिकवलं होतं. मंजिरीचा त्या शिट्टीवर देवघरातल्या घंटेइतका विश्वास. तिने ती माझ्या सॅकला गाठ मारून बांधली.

मी विमानतळावर ती गाठ सोडली. आवाजाच्या रकान्यात शून्य हवं होतं ना. शिट्टी मी मोठ्या बॅगेत तळाशी टाकली.

होक्काइदोतलं ते गाव लहान होतं. तिथे एंदो-सानांचे जुने शिकारी मित्र कुदो-सान आम्हाला न्यायला आले. रात्री मुक्कामाच्या खोलीत मी माझं सगळं सामान चटईवर मांडलं, रुखवत मांडतात तसं. दोघे म्हातारे गुडघे मुडपून बघत बसले. कुदो-सानांनी ते पाचोळ्याचं जाकीट उचललं, उलटसुलट केलं आणि विचारलं, हे घातल्यावर तुम्ही दिसणार कसे?

मी अभिमानाने म्हणालो, तेच तर!

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एंदो-सानांनी आपल्या पिशवीतून नारिंगी बंडी आणि टोपी काढली, घडी नीट करून दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवली. जपानी माणसाने दोन्ही हातांनी दिलेली वस्तू नको म्हणायची सोय नसते.

सकाळी मी ती बंडी घातली. तिघेही नारिंगी. जंगलाच्या फाटकाशी एक पेटी होती, तिथल्या कागदावर आत जाणाऱ्यांची नावं लिहायची. एंदो-सानांनी तीन नावं लिहिली, आकडा लिहिला: तीन. बर्फ अजून पडला नव्हता. सगळीकडे कमरेएवढं बुटकं बांबूचं गवत, सुकून तपकिरी झालेलं. तासभर चढल्यावर एका आडव्या पडलेल्या झाडाशी एंदो-सान थांबले. गुडघा चोळत त्यांनी समजावलं की आम्ही वरून वळसा घालून दोन तासांत येतो, तुम्ही इथून हलू नका. मग आणखी एकदा म्हणाले, हलू नका.

ते दिसेनासे झाले आणि मी कामाला लागलो. नारिंगी टोपी काढून खिशात घातली. तिन्ही टोप्या चढवल्या. बंडी काढवेना, साहेबांनी दिलेली. मग काय केलं असेल? बंडीवरून पाचोळ्याचं जाकीट घातलं आणि गळ्यापर्यंत चेन ओढली. त्यांचाही मान, माझाही रकाना! तोंडावर जाळी. आणि झाडाशी बसलो तर हरणाला दिसेन, म्हणून वीस पावलं गवतात आत शिरलो. वीस पावलं म्हणजे काय हलणं असतं का?

बसलो. ऊब इतकी होती की काय सांगू. पहाटे तीनला उठलेलो. तुम्ही ओळखलंच.

मी साडेतीन तास झोपलो. त्या साडेतीन तासांत काय काय झालं, ते मला नंतर कळलं. दोघे परत आले, तर झाडाशी मी नाही. हाका मारल्या, माझ्या कानांवर तीन टोप्या. त्या भागात अस्वलं. वर मोबाइलला रेंज नाही, म्हणून कुदो-सान धावत खाली गेले, गावातून फोन करायला. आणि एंदो-सान ते दोन गुडघे घेऊन ती चढण तीनदा वर आणि तीनदा खाली फिरले, माझं नाव ओरडत, आवाज बसेपर्यंत.

मला जाग आली ती शेजारच्या कसल्याशा खुडबुडीने. जाळीतून पाहिलं तर दोन हातांवर हरीण! चांगलं वासराएवढं. माझ्या सॅकमध्ये तोंड घालून काहीतरी चघळत होतं. सॅकमध्ये धपाटे होते. मंजिरीने चार दिवसांच्या उकडलेल्या भाज्यांचा सूड उगवला होता, बाजूच्या चोरकप्प्यात कागदात गुंडाळलेले धपाटे आणि लसणीची चटणी लपवून. म्हणजे सेहेचाळीस ओळींनी नाही, माझ्या बायकोच्या लसणीने हरीण आलं होतं.

मी श्वास रोखला. आणि तेवढ्यात खालून, गवतातून एंदो-सान वर येताना दिसले. एकटे, अगदी हळू, काठीवर रेलत. मला वाटलं, वा, काय दबकत येतायत! हाडाचा शिकारी! त्यांनी हरीण पाहिलं. ते थबकले. खांद्यावरची बंदूक हातात घेतली. मी मनात म्हणत होतो, मारा, मारा, आईला सांगितलंय ना तुम्ही. मी डोळ्याची पापणीसुद्धा हलवली नाही. हे हरीण मी त्यांच्यासाठी धरून ठेवलं होतं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

त्यांनी हरणाकडे पाहिलं. हरणाच्या मागे पाहिलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. आणि बंदूक पुन्हा खांद्याला अडकवली.

मला राहवलं नाही. मी उठून उभा राहिलो आणि जोरात ओरडलो, एंदो-सान, मारा की!

हरीण धपाट्यासकट गेलं. आणि एंदो-सान मटकन खाली बसले. मी धावत गेलो, तोंडावरची जाळी वर केली.

"तुम्ही कुठे होतात?" त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"इथेच."

त्यांनी माझ्या पाचोळ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी विचारलं, हरीण समोर होतं, मग मारलं का नाही?

"कागदावर तीन माणसं लिहिली होती," ते म्हणाले. "एक कुठे आहे ते मला माहीत नव्हतं."

मग त्यांनी हात पुढे करून माझ्या जाकिटाची चेन खाली ओढली. आत नारिंगी बंडी. ते तिच्याकडे बघत राहिले. मला आयुष्यात इतकी लाज कधीच वाटली नव्हती. त्या गवतात मी दोन्ही हात टेकून माफी मागितली, आणि ती काही जपानी रीत म्हणून नव्हती. मला खरंच रडू येत होतं. त्यांनी माझ्या खिशातून डोकावणारी टोपी काढली आणि तिन्ही टोप्यांवरून माझ्या डोक्यावर चढवली. ती बसेना. त्यांनी दाबून बसवली.

दुसऱ्या दिवशी त्यांचे गुडघे सुजून भोपळ्याएवढे झाले होते. जंगल तिथेच संपलं. कुदो-सानांनी आपल्या फ्रीझरमधलं मांस बांधून दिलं आणि आम्ही ते म्हातारीकडे घेऊन गेलो. एंदो-सानांनी तिला सगळं खरं सांगितलं. ती आधी माझ्याकडे बघून हसली, मग मला दोनदा वाढलं. आमच्या पुण्याच्या घरात अंडंसुद्धा गॅलरीत शिजायचं. मी दोन्ही वेळा मुकाट्याने खाल्लं.

मंजिरीला मी शिट्टीचं सांगितलंच नव्हतं. बॅग उपसताना तिला ती तळाशी सापडली. त्या दिवशी मात्र ती बोलली, आणि चार दिवसांचं एकदम बोलली.

मार्चमध्ये निरोपसमारंभ झाला. एंदो-सान तेव्हा काठी घेऊन चालत होते. भाषणात ते म्हणाले की इतकी वर्षं शिकार केली, पण ज्याला सगळ्यात जास्त शोधलं ते जनावर आज या खोलीत बसलंय. अख्खं ऑफिस माझ्याकडे वळलं. मग त्यांनी मला एक पुडकं दिलं, दोन्ही हातांनी. आत तीच बंडी.

मी म्हणालो, आता तर तुमची शिकार बंद झाली, मग ही मला कशाला? ते म्हणाले की पुढच्या महिन्यात दुपारी जेवायला भेटू, कावासाकी स्टेशनच्या घड्याळाखाली, तेव्हा घालून या. स्टेशनवर गर्दी फार असते, आणि माझ्या गुडघ्यांत आता तुम्हाला शोधायची ताकद नाही.

मी गेलो. भर दुपारी, सूट, टाय आणि त्यावर नारिंगी बंडी. दोन माणसांनी मला तिकिटाचं मशीन बिघडलंय म्हणून सांगितलं, एका आजीबाईंनी प्लॅटफॉर्म विचारला. लांबून काठी टेकत एंदो-सान आले, मला पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने हसले.

गळ्यात शिट्टीही होती. ती मंजिरीने बांधली होती, गाठ मारून.