मांजराच्या वाटणीचं अंडं

थोरलीला धाकट्या जावेचं पुष्कळ काही खुपायचं, पण सगळ्यांत जास्त खुपायचे ते तिचे तळहात. एकाच घरात वर-खाली राहणाऱ्या, अंगणातल्या एकाच बोअरचं पाणी पिणाऱ्या दोघी. तरी थोरलीच्या तळहातांवर मसुराएवढे टणक खडे उठले होते आणि धाकटीचे हात मऊच्या मऊ. दोघींची शिवणखोली एकच. थोरलीने रेशमाला हात लावला की धागा ओढला जाई. हळूहळू सगळं रेशीम धाकटीच्या मशीनवर गेलं आणि थोरलीकडे उरल्या गाद्यांच्या खोळी. जिला आपण सुईत दोरा ओवायला शिकवलं, तीच आता आपल्या गिऱ्हाइकांची मापं घेते, या विचाराने थोरलीचा रोज जळफळाट व्हायचा.

धाकटीने परसात कोंबड्या पाळल्या होत्या. रोज सकाळी ती उकडलेलं अंडं आणि वाटीभर पालेभाजी जिन्याने वर आणून द्यायची.

"गरम आहे तोवर खाऊन घ्या हं, जाऊबाई."

"मोठी आली पुण्य कमवायला!" थोरली पाठीमागे पुटपुटायची. दार लागलं की अंडं मांजरापुढे, भाजी खिडकीबाहेर. उपाशी मरेन, पण हिच्या कोंबडीचं खाणार नाही! स्वतः चहात पाव बुडवून दिवस काढायची. मांजर मात्र इतकं माजलं की जिना चढताना धापा टाकायचं.

पुढे त्या पाण्यात आर्सेनिकचं विष सापडलं. बोअर बंद झाली आणि दवाखान्यात दोघींची लघवी तपासली गेली.

"धाकट्या बाईंच्या लघवीतून विष जास्त जातंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

थोरलीला आतून गुदगुल्या झाल्या. चला, मऊ हातांच्या आत शेवटी विषच!

"हे चांगलं आहे. यांचं शरीर ते बाहेर टाकतंय. तुमचं मात्र अर्धवट मोडतं आणि अंगात मुरतं, हातांवरचे खडे त्याचेच. शरीराचे राखणदार असतात, अँटिऑक्सिडंट म्हणतात त्यांना. ते विषाशी झुंजतात आणि झुंजून संपत जातात. अंडं, डाळ, पाला पोटात गेला की नवे तयार होतात. तुम्ही खाता काय?"

थोरली तोंड उघडणार तोच धाकटी म्हणाली, "अहो, मी खाते तेच! रोज अंडं-भाजी मीच नेऊन देते की."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. "एवढं खाऊनही हे होत असेल, तर यकृतातच काही बिघाड असेल. मोठ्या इस्पितळात सुई घालून तुकडा काढून बघावा लागेल."

धाकटीला रडू फुटलं. "त्यांना काही होऊ देऊ नका. माझ्या हातात सुई त्यांनीच दिली."

थोरलीला धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं झालं. शेवटी ती खाली मान घालून म्हणाली, "यकृत राहू द्या. अंडी मांजर खायचं."

आता ही भांडेल, आपला पाणउतारा करेल, म्हणून थोरली कंबर कसून बसली. धाकटीने नुसतं नाक पुसलं. "उद्यापासून मी समोर बसणार. वाटी रिकामी होईपर्यंत उठायचं नाही."

हिला धड रागावताही येत नाही! हिच्या जागी आपण असतो तर जन्मभर उकरून काढलं असतं, हे थोरलीला ठाऊक होतं. आणि मेलं, त्याचाही हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी धाकटी खरंच समोर येऊन बसली. थोरलीने अंडं तोंडात घातलं. पायाशी बसलेलं मांजर तिच्या प्रत्येक घासाकडे टक लावून बघत होतं. ती नजर थोरलीने लगेच ओळखली.