मनगटाचा एक्स-रे

लेकीची हनुवटी आत आणि वरचे दात इतके पुढे, की ओठ मिटायचे नाहीत. मी म्हणायचे, लावू की तारा, तारा कुठे पळून जातात! गेल्या वर्षी कॉलेज रोडच्या दवाखान्यात नेली, तर डॉक्टरीणबाईंचं ऐकून काळजात धस्स झालं.

"ताई, दातांचं नंतर बघू. हिचा खालचा जबडाच मागे राहिलाय. तो पुढे यायला काढता-घालता येणारी प्लेट असते, पण ती अंगात वाढ असेपर्यंतच उपयोगाची. वाढ संपली की मग ऑपरेशन."

म्हणजे जबडा कापायचा! "ओझरच्या भाच्याला लावलंय तेच लावा ना हिला, आजच्या आज," मी म्हटलं.

"त्याचा जबडा कसा आहे?"

"खालचा पुढे आलाय."

"मग ते वेगळं. ते हिला चालणार नाही. हिला पाळी आली का? मुलींची वाढ त्यानंतर मंदावते."

"छे, अजून नाही!" मी ठासून सांगितलं. जीव भांड्यात पडला.

"आली," लेक खाली बघत म्हणाली. "दिवाळीच्या आधीच."

दिवाळी होऊन आंब्याचे दिवस आले होते. "अगं बये, मग बोलली का नाहीस?"

ती रडायलाच लागली. मखमलाबादला आमचा गुलाबाचा मळा आहे. फुलं देवाला जातात, म्हणून पाळीतल्या बाईने मळ्यात पाय ठेवायचा नाही. घरात हे सगळ्यांना पाळायला लावणारी मीच. आणि हिला तर बापाबरोबर फुलं खुडायचं वेड.

"तू मला मळ्यात जाऊ दिलं नसतंस," ती हुंदके देत म्हणाली.

हाडांवरून वाढ कळते म्हणून तिच्या मनगटाचा एक्स-रे काढला. मी बाहेर बाकावर बसले. देव कोपला असेल का? नवस तरी कुठल्या तोंडाने बोलू? त्याच देवाला हिने खुडलेली फुलं जात होती.

डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडात धरला. "थोडी वाढ उरलीय. आजच प्लेटचं माप घेऊ, पण खात्री देत नाही. आणि प्लेट टोचली, दुखली, तर लगेच सांगायचं हं, लपवायचं नाही."

लेकीने मान हलवली. पण हलवायच्या आधी तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, मी चिडलेय का ते. ऑपरेशनचं नाव ऐकून वाटली नव्हती एवढी भीती मला तेव्हा वाटली.