हुकांचं काम संपलं

मैत्रिणींनो, मी हुडकेश्वरला घरीच ब्लाउज शिवते. मन ठिकाणावर असलं की कापड कापायचं, नसलं की नुसते हूक लावायचे, साड्यांना फॉल लावायचे, अशी माझी पद्धत. शिलाई चुकली तर उसवता येते. कापलेलं कापड परत जुळत नाही.

आई गेल्यापासून मी हूक आणि फॉलच लावतेय. आज दुपारी तेही संपलं. उरला तो न कापलेल्या ब्लाउजपीसचा ढीग. एकावर खडूने खुणा केल्या, कैची हातात घेतली आणि तशीच बसून राहिले.

थोड्या वेळानं सासूबाईंनी त्यांची हिरवी साडी माझ्यापुढे ठेवली.

"हिचा फॉल निघून गेला वं. मले लावून दे."

तो फॉल मीच दिवाळीत लावला होता, पक्का. आपोआप अख्खा निघणारा नव्हता. त्यांच्या पदराला दोऱ्याचे बारीक तुकडे चिकटले होते.

मी सुईत दोरा ओवला.

हा फॉल संध्याकाळपर्यंत होईल. अशा दिवसांत तुम्ही कोणतं काम हातात घेता? सांगा मले. उद्या त्यांना दुसरी साडी उसवायला लागू नये.